खंडेनवमीची कात्री

"ही रॅकेट माझं ऐकत नाही," दुकानाच्या काउंटरवर रॅकेट ठेवत मी म्हणाले.

"ऐकत नाही असं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "जरा जास्तच ऐकते. तुम्ही हळू सांगता आणि ती गावभर ओरडून येते."

मी वळून पाहिलं. प्लास्टिकच्या स्टुलावर एक उंच गृहस्थ बसले होते. पांढरे केस, पांढरा टी-शर्ट आणि मांडीवर एक काळी, जुनी रॅकेट, नातवाला धरावं तशी जपून धरलेली. डोळ्यांत हसू होतं, ते ओठांपर्यंत अजून पोचलं नव्हतं.

"आपली ओळख?" मी विचारलं. शाळेत इतकी वर्षं संगीत शिकवलं की आवाज असा आपोआप कडक होतो.

"रंगनाथ गुंजाळ. तुमच्या शेजारच्या कोर्टवर खेळतो. परवा तुमचा बॉल माझ्या चहात पडला होता."

"तो... तुमचा चहा होता?"

"अर्धाच राहिला होता. एवढं मनाला लावून घेऊ नका."

काउंटरमागे कानिफनाथ, म्हणजे दुकानाचा मालक, तोंडावर हात ठेवून हसत होता. गणपती नुकतेच बोळवले होते, रस्त्यावर अजून गुलाल होता, आणि पासष्टाव्या वर्षी माझे गाल त्या गुलालाच्या रंगाचे झाले होते. पोरींनो, तुम्हाला वाटतं हे सगळं तुमच्याच वयाला होतं. नाही हो. रक्त कुठे निवृत्त होतं?

त्या रॅकेटची गोष्ट आधी सांगायला हवी.

मी श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढले. वडील तिथे केमिस्ट. अधिकाऱ्यांच्या क्लबसमोर लाल मातीचं कोर्ट होतं. हंगामात हवेला मळीचा वास यायचा, संध्याकाळचा भोंगा झाला की वडील हाक मारायचे, "राजू, चल!" माझी रॅकेट लाकडाची होती. खेळून झालं की ती चौकटीत घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे, नाहीतर ती वाकायची. पावसाळ्यात दमट हवेनं तारा बिघडू नयेत म्हणून आई ती चुलीवरच्या फळीवर, शेवयांच्या डब्याशेजारी ठेवायची. त्या रॅकेटला कायम फोडणीचा वास असे. पण तिच्यावर चेंडू कसा यायचा सांगू? जणू क्षणभर बसायचा, दम घ्यायचा आणि मग मी सांगेन तिथे जायचा.

लग्न होऊन नगरला आले आणि टेनिस त्या फळीवरच राहिलं. कुणी नको म्हटलं नव्हतं. विषयच निघाला नाही. संसार चांगला झाला. यजमान गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले, आणि एका सकाळी सावेडीत फिरताना एका भिंतीपलीकडून तो आवाज आला... ठप्... ठप्... पाय आपोआप फाटकातून आत वळले.

माझी मुलगी धनश्री पुण्याला असते. तिला इतका आनंद झाला की तिनं लगेच एक रॅकेट पाठवली. "आई, तुझ्या वयाला साजेशी, हलकी घेतलीय." नारिंगी रंगाची, पिसासारखी हलकी आणि डोकं भाकरीच्या तव्याएवढं. तिच्यावर चेंडू नुसता टेकला तरी कुंपणापलीकडे. मी तो आत ठेवायला मनगट आवळून धरायची, आणि चार महिन्यांत माझा उजवा कोपर असा दुखू लागला की कणीक मळताना डोळ्यांत पाणी यावं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. बरं वाटलं नाही तर खेळ बंद.

धनश्रीनं त्यावर आपलं शेपूट जोडलं. "टेनिस बंद झालं तर नगरला एकटी बसून काय करणार तू? मग पुण्याला यायचं. कायमचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. वादाला मुद्दाच नव्हता. पण मला नगर सोडायचं नव्हतं. आणि म्हणून मी त्या सकाळी रॅकेट बदलायला कानिफनाथच्या दुकानात गेले होते.

"मॅडम, ही लई पॉवरची हाय," कानिफनाथ नारिंगी रॅकेट फिरवत म्हणाला. "नुसती टेकवली की बॉल पार! लोकं मागून नेत्यात."

"पार कुठे ते कोण सांगणार?"

"तेच तर," गुंजाळसाहेब स्टूल पुढे ओढून म्हणाले. "डोकं मोठं, फ्रेम जाड आणि कडक. बॉल आदळला तरी ती वाकत नाही, सगळा जोर परत फेकते. ज्यांचा हात जेमतेम फिरतो त्यांना ती बरी. तुमचा हात मागून पुढे पूर्ण फिरतो. तुम्हाला जोर उसना नकोय. असलेला जोर सांडू नये एवढंच हवंय."

"माझा हात पूर्ण फिरतो हे तुम्हाला काय ठाऊक?"

त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "चहा पिताना दिसतं... म्हणजे, पडायच्या आधी."

ते संगमनेरच्या एका दूध डेअरीत इंजिनिअर होते. दूध थंड ठेवणारी यंत्रं त्यांच्या हाताखाली. पत्नी गेल्यावर आणि मुलगा नाशिकला स्थायिक झाल्यावर केडगावला घर बांधून राहिले होते. हे सगळं मला कानिफनाथनंच सांगितलं, न विचारता, रॅकेटी काढता काढता. तीन रॅकेटी काउंटरवर आल्या.

गुंजाळसाहेबांनी पहिली उचलून बोटावर आडवी धरली. ती हलली, डुलली आणि स्थिर झाली. "बघा, तोल मुठीकडे आहे. वजनाला तुमच्या नारिंगीपेक्षा पन्नास ग्रॅम जास्त, पण हातात धराल तर हलकी लागेल. शिवाय वजन असलं की बॉलचा धक्का रॅकेट सोसते, कोपराला सोसावा लागत नाही."

"तंबोऱ्यासारखं," मी म्हणाले. "सगळा भार भोपळ्याकडे. म्हणून दांडी खांद्यावर टेकली तरी जड वाटत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हे मला कधी सुचलं नव्हतं."

"तुमच्या डेअरीत तंबोरे नसतील."

मग त्यांनी मला तारा मोजायला लावल्या. एकीत उभ्या सोळा आणि आडव्या एकोणीस, दुसरीत उभ्या अठरा आणि आडव्या वीस. जाळी विरळ असली की चेंडू तिच्यात रुततो, फिरकी घेतो, उसळी मारतो. दाट असली की उसळी कमी, आणि सांगाल त्या वाटेनं सरळ जातो. फ्रेम बारीक असली की मारताना जराशी लवते आणि चेंडू तारांवर पळभर थांबतो. ते हे सांगत होते आणि मला चुलीवरची फळी दिसत होती. माझ्या लाकडी रॅकेटचं डोकं लहान, वजन मुठीला आणि अंग लवचिक होतं. इतक्या वर्षांनी कारखान्यांनी कार्बनमधून पुन्हा तेच घडवलं होतं आणि त्याला कंट्रोल रॅकेट असं नाव दिलं होतं.

"तुम्ही आकडे बघा," मी म्हणाले. "मी ऐकते."

मी एकेक रॅकेट कानाजवळ धरून तळव्यानं ठोकली. पहिली टणकन वाजली आणि हात झिणझिणला. दुसरी बरी, पण पोकळ. तिसरी खोल, भरलेल्या आवाजात बोलली आणि लगेच गप्प झाली. शहाण्या माणसासारखी.

"ही."

त्यांनी चष्मा वर करून फ्रेमच्या आतल्या बाजूचा बारीक मजकूर वाचला. "डोकं अठ्ठ्याण्णव चौरस इंच, वजन तीनशे पाच ग्रॅम, तारा अठरा बाय वीस." चष्मा खाली आला. "मीही हीच निवडली असती. पण मला अर्धा तास लागला असता."

"आता मुठीचं माप," कानिफनाथ म्हणाला. "साहेब, दाखवा ना मॅडमना धरून."

गुंजाळसाहेबांचा हात पुढे आला आणि वाटेतच थांबला. "त्या... स्वतः बघू शकतात. मूठ धरायची. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. जास्त जागा नको, कमी नको."

मी मूठ धरली. बोट घातलं. नेमकं मावलं. वर पाहिलं तर ते छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"गटिंग मी करून देणार," ते निघता निघता म्हणाले. "तारा कुठल्या, किती पौंडांनी ओढायच्या, सगळं मी सांगतो कानिफला. माझ्यातर्फे."

"ते का?"

"चहाची भरपाई."

"चहा तर तुमचा सांडला होता!"

"म्हणजे भरपाई तुम्ही करायला हवी. पण तुम्हाला गटिंगमधलं कळत नाही. मग काय, मलाच करावी लागणार."

अशा हिशेबाचा माणूस डेअरीत इतकी वर्षं टिकला कसा, याचं मला रिक्षात बसल्यावरही हसू येत होतं.

दोन दिवसांनी कोर्टवर त्यांनी रॅकेट माझ्या हाती दिली. चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा. "अठ्ठावन्न पौंड, पॉलिस्टरची तार! आता बॉल तुमच्या परवानगीशिवाय इंचभर हलणार नाही."

मी सवयीनं तळव्यानं ठोकली... आणि पुन्हा एकदा ठोकली. तो खोल आवाज गेला होता. स्वर वर, फार वर चढलेला. तार तुटायच्या आधी तंबोरा जसा कण्हतो, तसा.

"कशी आहे?"

त्यांच्या डोळ्यांतलं ते हसू आज ओठांपर्यंत पोचलं होतं. माझ्याच्यानं ते परत पाठववेना.

"छान आहे," मी म्हणाले.

पोरींनो, हे दोन शब्द जपून वापरत जा.

खेळ मात्र खरोखर फुलला. चेंडू मी बघेन तिथे पडू लागला. रेषेलगत म्हटलं की रेषेलगत, जाळीमागे हळूच म्हटलं की हळूच. पहिल्याच दिवशी मी पाच चेंडू एकामागून एक एकाच कोपऱ्यात टाकले आणि लहान मुलीसारखी ओरडले. गुंजाळसाहेब पलीकडून धावून धावून दमले. जाळीपाशी येऊन म्हणाले, "दरंदलेबाई, थोडं इकडेही टाका. मीही खेळायलाच आलोय."

"घ्या की. तुम्हाला कुणी अडवलंय?"

"कुणी नाही. वय."

मग हस्ताचा पाऊस लागला. रोज दुपारी ढग गोळा व्हायचे आणि ऐन खेळाच्या वेळी सर यायची. कोर्टची निगा राखणारा मार्कर पुंजाराम जाळी सैल करायचा, रोलर पत्र्याखाली ओढायचा आणि म्हणायचा, "बसा बाई. तासाभरात उघडंल. कोरट कुठं पळून चाललंय?" आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसायचो. वर पावसाचा ताशा. समोर लाल मातीतून चुन्याच्या रेषा हळूहळू विरघळत जायच्या. ते थर्मासमधून चहा ओतायचे आणि मी जवळून गेले की कपावर हात ठेवायचे.

"रॅकेट हातात नाहीये माझ्या!"

"तुमचं काय सांगावं."

मी त्यांना तारांचा स्वर ऐकायला शिकवलं. त्यांची जुनी रॅकेट ठोकून विचारायची, "चढली की उतरली?" ते डोळे मिटून, मान तिरकी करून, देवळात बसल्यासारखे ऐकायचे आणि हटकून चुकायचे. एकदा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "माझी... माझी पार्टनर व्हाल का?"

बाहेर पन्हाळातून पाणी धो धो पडत होतं.

त्यांनी घाईनं डोळे उघडले. "मिक्स डबल्सला! दसऱ्याच्या मॅचमध्ये."

"मग तसं सांगा की. मी हो म्हणणार होते."

"कशाला हो म्हणणार होतात?"

"मिक्स डबल्सला," मी म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. तो थंड झाला होता.

या सगळ्यात कोपर मात्र आतून पेटत होता. मी पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट घालू लागले, आत पट्टा बांधू लागले. त्यांना सांगितलं असतं तर ते हसू मावळलं असतं. धनश्रीला सांगितलं असतं तर पुणे. आणि दसऱ्याची मॅच तर खेळायचीच होती. मी मुकाट्यानं बर्फ लावत राहिले.

आमच्या क्लबात खंडेनवमीला कुणी खेळत नाही. त्या दिवशी हत्यारांची पूजा. जाळीसमोर सतरंजी अंथरून सगळ्यांच्या रॅकेटी ओळीनं मांडतात, रोलरला झेंडूचा हार, जाळी ताणायच्या कडीला हळदकुंकू, पुंजारामच्या चुन्याच्या डब्यालासुद्धा. "वरीसभर राबतं बिचारं हत्यार," तो म्हणतो. "एक दिवस त्याला हात लावायचा न्हाई. उद्या उत्तरपूजा झाली की मग उचला."

त्या सकाळी धनश्री पुण्याहून आली होती. तिला मी मोठ्या हौसेनं क्लबात घेऊन गेले. गुंजाळसाहेब झब्बा घालून आले होते. मी ओळख करून दिली. धनश्रीनं नमस्कार केला, जरा मोजूनच. आरती झाली. मी हात जोडून कपाळाशी नेले आणि सैल बाही कोपरापर्यंत घसरली.

"आई! हे काय?" धनश्रीनं माझा हात धरला. पट्ट्याखालची कातडी लाल झाली होती. "अजून दुखतंय? तू तर फोनवर बरंय म्हणत होतीस!"

"थोडंसं..."

"थोडंसं नाहीये हे. बास आता. उद्याची मॅच नाही, काही नाही. दसरा झाला की पुणे. कबूल केलंयस तू."

गुंजाळसाहेब तिथेच उभे होते. हातातला प्रसाद हातातच राहिला होता. "कधीपासून दुखतंय?"

मी बाही खाली ओढली.

"बाई, कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही छान आहे म्हणालात."

"म्हणाले."

ते सतरंजीपाशी गेले, वाकले आणि हारात गुंतलेली माझी रॅकेट उचलली. पुंजाराम "ओ साहेब, ओ साहेब!" करत धावला. त्यांनी ती कानाजवळ धरून तळव्यानं ठोकली. डोळे मिटून ऐकलं. या खेपेला ते चुकले नाहीत. बाजूला हार ओवायची कात्री पडली होती ती घेतली, आणि मधोमध...

कच्.

पूजेतल्या हत्याराला कात्री! पुंजारामनं दोन्ही हात कानांना लावले. गुंजाळसाहेब थांबले नाहीत. मधून बाहेर, एक उभी, एक आडवी, तारा तुटत गेल्या आणि कुंकू त्यांच्या झब्ब्यावर उडत राहिलं.

"पाप लागलं तर मला लागू दे, पुंजाराम," ते म्हणाले. मग धनश्रीकडे वळले. "बाळ, चूक माझी आहे. मला वाटलं, कंट्रोल म्हणजे जितकं घट्ट आवळाल तितकं चांगलं. अठरा बाय वीसची जाळी मुळात दाट, त्यात मी कडक तार घातली आणि वर अठ्ठावन्न पौंडांनी ओढली. म्हणजे डब्याला घट्ट झाकण, आणि वर सुतळी. हिला मऊ तार लागते आणि दहा पौंड तरी कमी. आजच तशी बांधून आणतो. तरीही दुखलं तर पुण्याची गाडी मी स्वतः बोलावतो."

धनश्री त्यांच्या झब्ब्यावरच्या कुंकवाकडे बघत राहिली. "एक मॅच," ती शेवटी म्हणाली. "दुखलं तर मला दिसेल. मी समोरच बसणार आहे."

ती इतर बायकांबरोबर प्रसाद वाटायला गेली. आम्ही शेडमध्ये बसलो. आज पाऊस नव्हता, खेळ नव्हता. हातांना काही काम नव्हतं.

"तुम्ही बोलायला हवं होतं," ते म्हणाले. आवाज रागावलेला होता, आणि तो राग मला अनोळखी होता. "आमची ही अशीच होती. दुखलं तरी सांगायची नाही. मला वाईट वाटेल म्हणून. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही राहिलं नव्हतं. पुन्हा असलं छान ऐकायची ताकद नाही माझ्यात."

मी नुसती मान हलवली.

त्यांनी झब्ब्यावरचं कुंकू झटकलं. "उद्या हात दुखला नाही, तर राहाल ना नगरला?"

"राहीन."

"केडगावचं माझं घर... तसं मोठं आहे. मागे मोकळी जागा आहे. तिथे मी एक भिंत बांधून घेतलीय. सरावाला. गुळगुळीत, पक्की. त्या भिंतीवर तुम्ही रोज सकाळी..."

"गुंजाळसाहेब, भिंतीशी लग्न लावताय की काय माझं?"

शब्द निघून गेला होता. तो आता परत येणार नव्हता. ते लाल झाले, पांढरे झाले, आणि मग माझ्याकडे सरळ बघत, प्रथमच पंखा, छत, पाऊस काही मध्ये न आणता, म्हणाले, "भिंतीशी नाही."

कुठेतरी घंटा वाजली. झेंडूचा वास एकदम दाट झाला.

"उद्या सांगते," मी म्हणाले. "मॅच झाल्यावर उत्तर देते."

एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. कानिफनाथच्या गटिंग मशीनलाही हार घातलेला होता.

"आज न्हाई साहेब," तो फोनवर म्हणाला. "मशीनची पूजा झाली. उद्या उत्तरपूजा झाल्या झाल्या पहिली तुमची. सकाळी उजाडलं की या."

दसऱ्याला उजाडता उजाडता मी दुकानात पोचले तर ते पायरीवर बसलेले. कानिफनाथनं मशीनवर अक्षता टाकल्या, हार काढला आणि मऊ तारेचं वेटोळं सोडलं. गुंजाळसाहेब म्हणाले, "अठ्ठेचाळीस." मी म्हणाले, "आधी पन्नास लावून ऐकू द्या." ते म्हणाले, "ऐकून पौंड कळत नाहीत." मी म्हणाले, "आकड्यानं कोपर कळत नाही." कानिफनाथ म्हणाला, "तुमचं ठरू द्या, मी च्या मागवतो." शेवटी एकोणपन्नासवर गाडी थांबली. मी तळव्यानं ठोकली. खोल, भरलेला, शहाणा आवाज. त्यांनी मान तिरकी केली, ऐकलं, आणि दोघं एकदमच म्हणालो, "ही."

मॅच संगमनेरच्या एका तरुण डॉक्टर जोडप्याशी होती. ते विजेसारखे धावत होते आणि आम्ही विचार करून चालत होतो. पण चेंडू माझ्या तारांवर पळभर बसायचा, दम घ्यायचा आणि मी सांगेन तिथे जायचा. गुंजाळसाहेब मागे, मी पुढे. पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात बरोबरी. कोपर गप्प होता, अगदी गप्प. मी धनश्रीकडे बघून उजवा हात वर केला आणि मुद्दाम गोल फिरवून दाखवला. तिनं डोळे वटारले, पण हसली.

शेवटच्या गुणाला त्या तरुणानं चेंडू आमच्या डोक्यांवरून उंच उडवला. निळ्या आभाळात तो वर वर गेला आणि मागच्या रेषेकडे उतरू लागला. गुंजाळसाहेब उलटे धावत होते, रॅकेट उगारून, पाय अडखळत. मला वाटलं, बाहेर जातोय. मारू नका, पडाल! सांगायला श्वासभराचा वेळ होता, आणि माझ्या तोंडून निघालं...

"अहो, सोडा!"

त्यांनी सोडला.

चेंडू बरोबर रेषेवर पडला. पांढरा चुना भुर्रकन उडाला. उंच खुर्चीवर बसलेला पुंजाराम ओरडला, "आत हाय! मॅच!" आम्ही हरलो होतो.

पण टाळी वाजेना. खुर्च्यांवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मग एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, कुणीतरी खुदकन हसलं, आणि जो टाळ्यांचा गजर झाला तो जिंकलेल्या जोडप्याला कळेना की कुणासाठी आहे. गुंजाळसाहेब रेषेजवळ तसेच उभे होते, रॅकेट अजून उगारलेली.

धनश्री कोर्टवर उतरली. सरळ त्यांच्यापाशी गेली. पदराला बांधून आणलेली आपट्याची पानं तिनं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. त्यांची धांदल उडाली; एका हातात रॅकेट, दुसऱ्यात सोनं, आशीर्वादाला हात कुठून आणणार?

"सुखी राहा," ते कसेबसे म्हणाले. "हात दुखला का तिचा?"

"नाही दुखला," धनश्री म्हणाली. "आणि यापुढे मला नाही, तुम्हालाच बघावं लागेल ते."

मग ते माझ्याकडे आले. कपाळावर घाम, केसांत चुना. जाळीला टेकून उभे राहिले, आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "मघाशी काय म्हणालात?"

"बाहेर जाईल असं वाटलं मला. सोडा म्हणाले."

"ते नाही. त्याच्या आधी."

धनश्री ओठ दाबून दुसरीकडे बघू लागली. मी त्यांच्या हातावरचं आपट्याचं एक पान उचललं, केसांत खोवलं.

"उत्तर," मी म्हणाले.